हवा मीटरवर विकायची असेल तर

तुम्ही कॉम्प्रेसर विकता आणि गिऱ्हाईक म्हणालं, ‘कॉम्प्रेसर तुमचाच राहू द्या, आम्ही दाबलेल्या हवेचे घनमीटरवर पैसे देऊ’, तर लगेच दर सांगू नका. विमानाच्या इंजिनांचं तासावारी बिल ब्रिटनमध्ये 1962 पासून होतंय. पण तिथे उड्डाणाचे तास पक्के नोंदलेले असतात. बडोद्याकडच्या मकरपुरा किंवा वाघोडियातल्या कारखान्यात रोज हवा किती लागते, हे बहुधा मालकालाही ठाऊक नसतं. पहिली अडचण तीच.

म्हणून आधी दोन आठवडे मोजा. ड्रायरनंतरच्या (हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्रानंतरच्या) मुख्य लाइनवर फ्लो मीटर, मोटरला स्वतंत्र वीज मीटर आणि दाबाची नोंद, तिन्ही एकाच वेळी. उत्तरायण किंवा दिवाळीचे आठवडे टाळा, आकडे फसवे येतात.

मग गळती. सुट्टीच्या दिवशी हवेवरची सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. तो 2 मिनिटं लोड (हवा दाबत) आणि 6 मिनिटं अनलोड (नुसता फिरत) राहिला, तर 8 पैकी 2, म्हणजे क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतेय. घनमीटरवर बिल असेल तर गळतीचेही पैसे तुम्हाला मिळतात, आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक ती बंद करतं. तुमचा हिशेब तिथेच कोसळतो. गळती काढल्यानंतरचाच आकडा धरा.

37 किलोवॉटचं मशीन 7 बारला तासाला साधारण 370 घनमीटर हवा देतं. सोळा तास, पंचवीस दिवस धरले तर महिन्याला 1,48,000. यातली निदान 70 टक्के, म्हणजे सुमारे 1,03,600 घनमीटर, वापर कमी झाला तरी बिलात येतील असं करारात घाला. हप्ता, विमा, फिल्टर यांचं स्थिर भाडं वेगळं. वीजबिल गिऱ्हाइकाने भरावं. तुम्ही घनमीटरला 0.11 युनिटच्या आसपासची हमी द्या, तीही ठरलेल्या दाबालाच. ऑपरेटरने 7 चा दाब 8 केला की वीज 6-7 टक्के वाढते, तेव्हा सेटिंगला हात कोण लावणार तेही लिहा. मे महिन्यात बडोद्याचा पारा 42-43 वर जातो. गरम हवा बाहेर नेणारा डक्ट नसेल तर मशीन ट्रिप होणारच. डक्ट गिऱ्हाइकाचा.

सगळ्यात जास्त कुरबुर डीलरची होते, आणि ती रास्त असते. मशीन विकलं की त्याला मार्जिन एकदम मिळतं, पुढे स्पेअर्सवरही. हवा विकताना फिल्टरचे पैसे तुमचे, आणि डीलरची प्रत्येक फेरी म्हणजे त्याला खर्च. त्याला महिन्याचा ठरलेला हिस्सा द्या, मशीन चालू राहिल्याचा वाटा वर. बिघाड कारणानुसार वाटून घ्या: फिल्टर तुंबून झालेला बिघाड डीलरचा, एअरएंड (हवा दाबणारा मुख्य भाग) तुमचा, व्होल्टेजमुळे जळालेली मोटर गिऱ्हाइकाची. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, सेपरेटर, टेंपरेचर सेन्सर आणि मिनिमम प्रेशर व्हॉल्व्हचं किट डीलरकडे कायम असावं, पण मालकी तुमची ठेवा. त्याचं भांडवल अडकवू नका.

पहिल्या वर्षी दोनच मशीनं द्या, आणि स्टँडबाय मशीन नसेल तर अखंड हवेचा शब्द देऊ नका. अठराव्या महिन्यात कारखाना बंद झाला तर मशीन किती रुपयांत गिऱ्हाइकाने घ्यायचं, न घेतल्यास काढून नेण्याचा ट्रक आणि क्रेन कोणाची, याचा वर्षवार तक्ता सही करतानाच कराराला जोडा.