आम्ल आणि कार्बोनेट : बुडबुडे थांबले, निवळी दुधाळ झाली नाही? या चुका टाळा

कार्बोनेटवर आम्ल टाकले की क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समीकरण सोपे आहे, तरी प्रयोग फसतो. बहुतेक वेळा वायू तयार झालेला असतो. तो विरघळतो, गळतो किंवा चुन्याच्या निवळीपर्यंत (हा वायू सोडला की दुधाळ होणारे चुन्याचे नितळ पाणी) पोहोचत नाही. म्हणून ‘कार्बोनेट नाही’ असे लिहिण्याची घाई करू नका.

आम्लाची निवड चुकणे

संगमरवराच्या (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या) तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतले तर सुरुवातीला बुडबुडे येतात आणि थोड्याच वेळात मंदावतात. आम्ल संपलेले नसते. तयार झालेले कॅल्शियम सल्फेट लिटरभर पाण्यात जेमतेम २ ग्रॅम विरघळते. उरलेले तुकड्यांवर थर धरते आणि आतल्या कार्बोनेटला आम्ल लागतच नाही. इथे विरल हायड्रोक्लोरिक आम्लच हवे. लेड कार्बोनेटला मात्र तेही चालत नाही, कारण लेड क्लोराइड थंड पाण्यात फार कमी विरघळते. तिथे विरल नायट्रिक आम्ल घ्या. तयार होणारा क्षार विरघळणारा आहे ना, हे आधी पाहावे.

१ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटला २ मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल १० मिली पुरते. २० मिली घेतले की आम्ल कमी पडण्याची शंका राहत नाही. संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. चष्मा हवाच, आणि वायूला बाहेर पडायला वाट नसेल असे बूच कधीही लावू नका.

निवळीची परीक्षा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. संहत हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले तर त्याची वाफ कार्बन डायऑक्साइडबरोबर निवळीत जाते, चुन्याचे उदासिनीकरण करते आणि निवळी स्वच्छच राहते. याउलट वायू जास्त वेळ सोडला तर दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. शेवटीच पाहणाऱ्याला वाटते, काही झालेच नाही. त्यामुळे पहिल्या बुडबुड्यापासून नजर ठेवा. नितळ झालेली निवळी उकळली तर गढूळपणा परत येतो; खात्रीसाठी हे जरूर करावे.

निवळी जुनी असेल तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच तिच्यातला चुना संपलेला असतो. आधी थोडी निवळी वेगळी काढून तिच्यात नळीने फुंकर घाला. दुधाळ झाली नाही तर ती टाकून द्या. आणि नुसत्या दुधाळपणावर विसंबू नका: सल्फाइटवर आम्ल टाकल्यावर निघणारा सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. तो आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग हिरवा करतो, कार्बन डायऑक्साइड करत नाही.

थिसल नरसाळ्याचे (ज्यातून आम्ल ओततात त्या लांब नळीच्या नरसाळ्याचे) टोक आम्लात बुडालेले नसेल तर वायू तिथूनच निसटतो. वायुवाहक नळीचे आतले टोक मात्र द्रवाच्या वरच हवे.

थेंबथेंब आम्ल

धुण्याच्या सोड्याच्या विरल द्रावणात आम्ल थेंबथेंब टाकून हलवत राहिलात, तर बराच वेळ बुडबुडे दिसत नाहीत. आधी कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते. वायू त्यानंतर निघतो. आम्ल टाकत राहा, किंवा क्रम उलटा करून आम्लात सोडा चिमूटचिमूट घाला. एकदम ओतलात तर फेस भांड्याबाहेर येईल.

मोजमाप

१ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून ०.४४ ग्रॅम, म्हणजे खोलीच्या तापमानाला सुमारे २४० मिली वायू मिळायला हवा. पाण्यावर गोळा केल्यास आकडा कमीच येतो, कारण २० अंश सेल्सिअसला पाणी जवळपास स्वतःच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड विरघळवते. वायूमापक सिरिंज वापरा किंवा वजनातली घट मोजा. घट मोजताना शंकुपात्राच्या तोंडात कापसाचा सैल बोळा ठेवा, नाहीतर उडणारे आम्लाचे तुषारही घटीत धरले जातात.

डोलोमाइटचा (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटच्या खनिजाचा) खडा थंड विरल आम्लात जेमतेम फसफसतो. तो कुटून बारीक पूड करा, आम्ल किंचित कोमट करा आणि मग पाहा.