गोबर गॅसची स्लरी रानात टाकताय? या चुका टाळा

गोबर गॅस बांधला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष शेगडीकडे. परड्यात मागच्या बाजूला आउटलेटमधून स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा पातळ काला, बाहेर पडते, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. खड्डा भरला की वाळू द्यायची, वाळली की ट्रॉलीत भरून शेणखतासारखी रानात विस्कटायची. निपाणीकडचा ऊसवाला असो की खानापूरचा भातवाला, रीत तीच. आणि सगळ्यांत महाग चूकही तीच.

टाकीत शेण कुजताना त्यातल्या नत्राचा (नायट्रोजनचा) बराच भाग अमोनियाच्या रूपात मोकळा होतो. पिकाला तो लगेच लागू पडतो, पण उन्हावाऱ्यात तितक्याच लगेच उडूनही जातो. शेणखत चार दिवस रानात पडून राहिलं तर फार बिघडत नाही. स्लरीचं तसं नाही. म्हणून ती ओली असतानाच, ऊन कलल्यावर टाका आणि लगेच कुळव फिरवून मातीआड करा. खड्ड्यावर पाल्याचं का होईना, छप्पर हवंच. खड्डे दोन असावेत, म्हणजे एक भरत असताना दुसरा वापरता येतो. साठवायचीच असेल तर पाचट, भाताचं पिंजर, पालापाचोळा यांच्या थरांवर स्लरी ओता. पाणी शोषलं जातं, नत्र धरून राहतं आणि ओझंही कमी होतं. चुलीतली राख किंवा चुना मात्र त्यात टाकू नका. त्याने अमोनिया आणखी जोरात सुटतो. खड्ड्याजवळ डोळे चुरचुरायला लागले तर समजा, खत हवेत चाललंय.

दुसरी चूक हिशेबाची. ‘स्लरी आहे, आता युरिया कशाला?’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण दिवसाला २ घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. तेवढ्या स्लरीतून नत्र मिळतं जेमतेम १०० ते १५० ग्रॅम. म्हणजे काहीही वाया न घालवता वर्षभरात युरियाच्या दोन-अडीच पोत्यांएवढं. उसाला एकरी १०० किलोच्या आसपास नत्र लागतं, म्हणजे अर्ध्या एकराचीही गरज नीट भागत नाही. स्लरीने जमिनीचा कस सुधारतो, गांडुळं वाढतात, हे सगळं मान्य. पण चार एकरांवर शिंपडून रासायनिक खत एकदम बंद केलंत तर खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडेल आणि दोष स्लरीला लागेल. त्यापेक्षा दरवर्षी एकच तुकडा धरा आणि बाकीच्यांत माती परीक्षणाप्रमाणे खत द्या. माती तपासायची सोय कर्नाटक कृषी खात्याच्या रैत संपर्क केंद्रात विचारा, किंवा बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात. अहवाल कन्नडात आला तर गप्पकन घडी घालून ठेवू नका, शेजारच्या कुणाकडून आकडे वाचून घ्या.

उसात पाटाच्या पाण्याबरोबर स्लरी सोडणारे बरेच आहेत. त्यांची तक्रार ठरलेली: सरीच्या तोंडाचा ऊस काळाभोर, शेपटाचा फिकट. कारण साधं आहे. सुरुवातीलाच स्लरी सोडली की कोरडी सरी पाणी पीत राहते आणि चोथा तोंडाशीच बसतो. काळ्या रानात त्या चोथ्याची साय वाळून पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी वरूनच वाहतं. आधी नुसतं पाणी सोडा. ते अर्ध्या सरीपर्यंत पोचलं की ढवळलेली स्लरी बारीक धारेने चालू करा, आणि शेवटी पुन्हा थोडं साधं पाणी. पापुद्रा धरलाच असेल तर वापशावर भांगलण करून फोडा. ठिबकमध्ये मात्र कापडाने गाळलेली स्लरीसुद्धा सोडू नका, ड्रिपर तुंबतात. खोडव्यात पाचट पेटवण्याऐवजी एकदा त्याच्यावर स्लरी ओतून बघा. पाचटाला कुजायला नत्र लागतं, ते स्लरीतून मिळतं.

भाताच्या तरव्यावर (लावणीसाठी वाढवलेल्या रोपांवर) किंवा भाजीच्या रोपांवर आउटलेटची ताजी स्लरी थेट ओतली की मुळं गुदमरतात, पानं करपतात. ताज्या स्लरीत प्राणवायू नसतो आणि कुजण्याचं काम आत चालूच असतं. अर्धी बाटली स्लरी भरून तोंडाला फुगा बांधा आणि सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगा ताठ झाला असेल तर ती अजून कच्ची आहे. आठ-दहा दिवस उघड्या पिंपात सावलीला ठेवून रोज ढवळा, मग भरपूर पाणी मिसळून थोड्या रोपांवर आधी बघा. बेळगावच्या थंडीत हा त्रास जास्त होतो. टाकी गारठते, शेण अर्धवट कुजून बाहेर येतं, घाण वास मारतो, माशा घोंगावतात. डिसेंबर-जानेवारीत शेण थोडं कमी घाला आणि कालवायला कोमट पाणी घ्या.

खानापूर, कणकुंबीकडच्या पावसात स्लरी टाकणं म्हणजे ती मलप्रभेला वाहणं. तांबड्या मातीतून नत्र खाली झिरपतं, उरलेलं उताराने ओढ्याला जातं. पावसाळ्यात स्लरी पिंजराच्या थरांत साठवा आणि उघडीप मिळाली की वापरा. खड्ड्याला बांध घाला, नाहीतर पहिल्याच मोठ्या सरीत तो भरून वाहतो. विहिरीच्या अंगाला खड्डा मुळीच नको.

कडोलीकडे भाजी करणाऱ्यांसाठी: कोथिंबीर, मुळा, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांवर स्लरी शिंपडू नका. घरगुती टाकीतल्या उबेने सगळे रोगजंतू मरत नाहीत, तणाचं बीही सगळं मरत नाही. लावणीच्या आधी मातीत मिसळलेली बरी. गोठा फिनेलने धुतलेलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका; आतले जिवाणू मेले की गॅसही जातो आणि स्लरीही कच्ची निघते.

आउटलेट तुंबलं तर लांब बांबूने बाहेरूनच ढवळा. टाकीत उतरू नका, कुणाला उतरवूही नका, रिकामी दिसली तरी. आतला गॅस दोन श्वासांत माणसाला आडवा करतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. साफ करायचीच असेल तर बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलवा. स्लरीच्या खड्ड्यालाही कठडा करून घ्या. वरची वाळलेली साय लहान पोराला जमिनीसारखीच दिसते.