खुराड्याची जाळी जमिनीवरही पसरा

षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रं ती दातानं फाडतं. महाग पडली तरी अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्डिंगनं जोडलेल्या तारांची चौकोनी छिद्रांची जाळी, घ्या. खरी गोम तळाशी आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मुंगूस तिथूनच उकरतं. म्हणून जाळी खाली बाहेरच्या बाजूला वळवून दीड-दोन फूट जमिनीवर पसरा, वर मुरूम न् दगड दाबा. उकरणारा जाळीलगतच उकरतो. दोन फूट मागे सरकायचं त्याला सहसा सुचत नाही. दाराच्या कडीत खिळा अडकवा. पत्र्याखालची फट मात्र फळीनं बुजवू नका, मे महिन्यात कोंबड्या उकाड्यानंच जातील. तिथंही जाळीच ठोका.