परदेशातून आलेल्या मुलांची झोप रुळावर कशी आणावी

जूनमध्ये न्यू जर्सीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच झालेले असतात. सुट्टीला आजोळी आलेल्या चार वर्षांच्या मुलाला मग पहाटे झोप लागते, दुपारी साडेतीनला जाग येते आणि रात्री दोनला कडकडून भूक लागते. यात हट्ट किंवा नाटक अजिबात नसतं, हा जेट लॅग असतो, म्हणजे लांबच्या विमानप्रवासाने बिघडलेली झोपेची वेळ. मेंदूतलं घड्याळ अजून तिथल्या वेळेवर चालत असतं आणि ते साधारण दिवसाला तासभरच सरकतं. म्हणून हाताशी आठवडा-दहा दिवस धरा. रात्री झोपवण्यासाठी झटापट करण्यापेक्षा दिवसाकडे लक्ष दिलेलं जास्त फळतं.

१. उजेड

हे घड्याळ सर्वांत जास्त ऐकतं ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडाचं. शरीराच्या हिशोबाने सकाळी मिळालेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे झोप आणि जाग दोन्ही लवकर येऊ लागतात. पुण्यातले दुपारचे चार म्हणजे या मुलांच्या शरीराची सकाळ, साडेसहाची वेळ. त्यामुळे पहिले काही दिवस चार ते सहा त्यांना घराबाहेरच ठेवा. सोसायटीच्या बागेत न्या, टेकडीवर न्या, आजोबांबरोबर भाजी आणायला पाठवा. पाऊस असला तर छत्री घेऊन जा. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कैक पट असतो. संध्याकाळी सातनंतर मात्र दिवे मंद करा आणि टीव्ही-मोबाइल बंद ठेवा.

२. दिवसाची झोप

सकाळी आठ-साडेआठला उठवाच. मूल पेंगत असेल तर आधी पडदे उघडा, मांडीवर घ्या, तोंडावरून ओला हात फिरवा. दुपारी दीड-दोन तास झोपू द्या, पण चारच्या आत उठवा. "झोपू दे गं बिचारीला, दमलीय," असं आजी म्हणणारच. त्या मायेची किंमत रात्री तीनला मोजावी लागते, हे आजीला आधीच प्रेमाने सांगून ठेवा. पाहुण्यांनाही तीन-चार दिवसांनी बोलवा. आल्या-आल्या दहा जणांनी गाल ओढले की आधीच थकलेलं मूल आणखी बिथरतं.

३. रात्री दोनची जाग

ही येणारच, त्यामुळे तयारी झोपायच्या आधीच करा. डब्यात केळं, मऊ दहीभात किंवा पोळीचा तुपसाखर लावलेला रोल ठेवा. भूक खरी असते. तिच्याकडे दुर्लक्ष केलंत तर मूल झोपणार नाही. पण पोटाला आधार होईल इतकंच द्या. पूर्ण जेवण दिलंत तर शरीर तीच जेवणाची वेळ धरून बसेल. खोलीत छोटा दिवा असू द्या, आवाज खाली ठेवा, गोष्ट सांगा किंवा चित्रांचं पुस्तक उघडा. मोबाइल हातात दिलात की दोनचे पाच झालेच म्हणून समजा. आईबाबांनी पाळी लावून घ्यावी, एकाने जागावं, दुसऱ्याने झोपावं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मध्यरात्रीची सुरक्षितता. पहाटे तीनला टक्क जागं झालेलं मूल अनोळखी घरात एकटंच फिरू शकतं. आजी-आजोबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बहुधा जेवणाच्या टेबलावर किंवा उशाशी असतात. पहिल्याच दिवशी त्या उंच कपाटात, कुलपात जाऊ द्या. गॅलरीच्या दाराला वरची कडी लावा, गॅसचा सिलिंडरजवळचा नॉब बंद करा, डासांचं मशीन मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

४. जेवण आणि पाणी

न्याहारी, जेवण आणि रात्रीचं जेवण पहिल्या दिवसापासून इथल्या वेळेला द्या, दोनच घास खाल्ले तरी चालतील. पोटाचंही वेळापत्रक बिघडलेलं असतं. एक-दोन दिवस शौचाला न झाल्यास घाबरू नका, पाणी आणि फळं वाढवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला हे काहीच लागू नाही. त्याचं घड्याळ अजून पुरतं बसलेलं नसतं, त्याला भुकेप्रमाणे दूध द्या.

५. औषधं

सर्दीचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी कधीही देऊ नका. काही मुलं त्याने उलट चेकाळतात आणि मात्रा चुकली तर धोकाही असतो. अमेरिकेत दुकानात सहज मिळणाऱ्या, झोपेसाठीच्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्याही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

ताप, वारंवार उलट्या-जुलाब, लघवी कमी होणं किंवा उठवूनही नीट जागं न होणं ही जेट लॅगची लक्षणं नव्हेत. लगेच डॉक्टरांकडे जा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर सकाळची वाट पाहू नका.

६. परतताना

पश्चिमेकडे जाताना दिवस लांबवायचा असतो आणि ते शरीराला थोडं सोपं जातं. तरी मुलं तिथे संध्याकाळीच पेंगतात आणि पहाटे तीनला उठून बसतात. शाळा सुरू होण्याआधी किमान चार-पाच दिवस हाती राहतील असंच तिकीट काढा, आणि शाळेच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळचे क्लास ठेवू नका.