टीममध्ये एडीआर लिहायला सुरुवात कशी करायची

नवीन माणूस टीममध्ये आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "इथे मोंगो डेटाबेस का घेतलाय, पोस्टग्रेस का नाही?" आणि ज्याने ते ठरवलं तो केव्हाच कंपनी सोडून गेलेला असतो. त्यासाठी एडीआर लिहा, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, सॉफ्टवेअरच्या रचनेचा एखादा मोठा निर्णय का घेतला याची छोटी नोंद. मायकल नायगार्ड या सॉफ्टवेअरवाल्याने 2011 मध्ये ही पद्धत मांडली आणि मुद्दाम एकदम सुटसुटीत ठेवली.

कोडच्याच रेपोमध्ये, म्हणजे सगळा कोड जिथे ठेवतो तिथेच, एक फोल्डर करा, विकीवर टाकू नका, तिथे कोणी ढुंकून बघत नाही. एका निर्णयाला एक फाइल, नंबर देऊन, आणि एकदोन पानांच्या वर जाऊच द्यायची नाही. आत टायटल, कॉन्टेक्स्ट, डिसिजन, स्टेटस आणि परिणाम, बास. खरी मेहनत कॉन्टेक्स्टमध्ये आहे, तिथे तेव्हाची अडचण लिहायची, डेडलाइन किती जवळ होती, टीममध्ये कुणाला काय येत होतं, लोड किती येईल असं वाटत होतं, बजेट, सगळंच, कारण दोन वर्षांनी निर्णय येडचाप वाटतो तो हेच विसरल्यामुळे. परिणामांत तोटेही लिहा हं, नुसतं कौतुक नको.

निर्णय बदलला तरी जुनी फाइल डिलीट करायची नाही, स्टेटस 'सुपरसीडेड' (याच्या जागी नवा निर्णय आलाय) करून नव्या फाइलचा नंबर द्यायचा. रिव्ह्यू पुल रिक्वेस्टमध्येच (कोडमधला बदल पक्का करण्याआधी टीमला दाखवतो तिथे) घ्या, म्हणजे आर्किटेक्टने एकट्याने ठरवलं असं होत नाही, ज्युनिअर पोरंही प्रश्न विचारतात. आणि बटणाच्या रंगासाठी वगैरे एडीआर नको बाबा, डेटाबेस, सर्व्हिसेसची वाटणी, लॉगिन, असं जे नंतर बदलायला महागात पडेल तेवढ्यालाच.