लायसन्स निलंबनाची नोटीस आली असेल तर नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओला निघण्याआधी

हातात आलेला कागद नेमका कसला आहे, ते आधी बघा. थकलेल्या ई-चलानचा मेसेज, लोकअदालतीची नोटीस आणि 'लायसन्स निलंबित का करू नये' अशी आरटीओची कारणे दाखवा नोटीस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरोघरी त्यांची सरमिसळ होते. दंडाची पावती गाडीच्या नंबरवर फाटते, लायसन्स मात्र माणसाचं असतं. म्हणून दंड भरला की लायसन्सचं प्रकरण आपोआप मिटतं असं नाही. सीबीएससमोरच्या (मध्यवर्ती बसस्थानकासमोरच्या) कोर्टात लोकअदालतीला जाऊन तडजोड केली, तरी मिटतो तो दंड. आरटीओची सुनावणी तिच्या जागी राहते.

मग आरसी बुक काढा. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की महाट्रॅफिक या वाहतूक पोलिसांच्या ॲपवर सगळी चलानं दिसतात. आपल्या नावावरची प्रत्येक गाडी तपासा. मुलगा कॉलेज रोडला नेतो ती ॲक्टिव्हाही, आणि विकून टाकलेली पण नावावरून न उतरलेली जुनी बाईकही. प्रत्येक चलानचा फोटो उघडून बघा. नंबर प्लेट आपली, पण गाडी भलतीच असेल तर पैसे भरायची घाई करू नका. आधी ॲपवरच तक्रार टाका, सोबत आपल्या गाडीचा त्याच बाजूने काढलेला फोटो जोडा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. एकदा दंड भरला की तो गुन्हा आपण कबूल केल्यासारखाच. गाडी दुसरं कुणी चालवत होतं असेल तर त्याचं नाव, पत्ता, लायसन्स नंबर तयार ठेवा, कारण पोलिसांनी विचारल्यावर ही माहिती देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. उरलेली, म्हणजे खरोखर आपलीच चलानं भरून टाका आणि पावत्या छापून घ्या. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलान' म्हणून आलेली एपीके फाइल मात्र चुकूनही उघडू नका, खातं रिकामं होतं.

चलान बघताना रक्कम कमी महत्त्वाची, कलम जास्त. मेन रोडला चुकीचं पार्किंग आणि मुंबई नाक्याला लाल सिग्नल तोडणं हे खिशाला एकवेळ सारखंच वाटेल, लायसन्सला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये वेगमर्यादा ओलांडणं, सिग्नल तोडणं, गाडी चालवताना मोबाइल, दारू, ओव्हरलोडिंग आणि मालवाहू गाडीत माणसं बसवणं यांसाठी किमान तीन महिने निलंबनाचे निर्देश दिले. हेल्मेट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ड मध्ये दंडासोबत तीन महिन्यांची अपात्रताही आहे. आपल्याकडे अजूनही हेल्मेट पोलीस दिसल्यावर आरशावरून डोक्यावर येतं, त्याला काय म्हणावं!

सुनावणी हा उपकार नाही. कलम १९ नुसार आदेश देण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं, त्यामुळे दिलेली तारीख चुकवू नका. नोटीस तिच्या पाकिटासकट न्या, पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख उपयोगी पडते. मूळ लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी, भरलेल्या पावत्या, तक्रार क्रमांक आणि पानभर लेखी म्हणणं एवढं एका फाइलमध्ये लावा. म्हणणं मराठीत, चलानवार, मुद्द्याला धरून लिहा. त्या दिवशी दवाखान्याची धावपळ होती असं म्हणणार असाल तर त्याच तारखेचा केसपेपर जोडा. पोट गाडीवरच असेल तर रिक्षाचं परमिट, बॅज किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीचं पत्र लावा. त्याने गुन्हा पुसला जात नाही, पण सांगायला आधार होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच.

इंदिरानगरचं भाड्याचं घर सोडून वर्षं झाली आणि लायसन्सवर पत्ता तोच असेल, तर पुढची नोटीसही तिथेच जाणार. परिवहनच्या पोर्टलवर पत्ता आणि मोबाइल नंबर आत्ताच बदलून घ्या.

निलंबन झालंच तर लेखी आदेश मागा आणि मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते वाचा. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. लायसन्स जमा केल्याची पोच जपून ठेवा. त्या काळात 'गल्लीतल्या गल्लीत' सुद्धा गाडी नको. कलम १८२ मध्ये दहा हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. सिटीलिंक या शहर बसचा पास काढा, ऑफिसातल्या कुणाची सोबत बघा. चालकांचं उजळणी (रिफ्रेशर) प्रशिक्षणही याच दिवसांत उरकून प्रमाणपत्र फाइलला लावा.

मुदत संपल्यावर कार्ड परत मिळेल. ते खिशात टाकण्याआधी तिथेच उभं राहून सारथीवर, म्हणजे परिवहनच्या लायसन्स पोर्टलवर, लायसन्स नंबर टाका. नोंदीत अजून निलंबनच दिसत असेल, तर खिडकीवरून हलू नका, तिथेच दुरुस्तीचा अर्ज द्या.