नैसर्गिक उशी घ्यायचीय? आधी उंची ठरवा, मग आतला माल बघा

नैसर्गिक उशी घ्यायची म्हटलं की सगळे पहिलं विचारतात कापूस चांगला का लेटेक्स, पण हा नंतरचा प्रश्न आहे, आधी बघायचं तुम्ही झोपता कसे. कुशीवर झोपत असाल तर कानापासून खांद्याच्या टोकापर्यंत जेवढं अंतर आहे तेवढी पोकळी उशीने भरून निघायला हवी, म्हणजे उंच आणि जरा घट्ट उशी लागणार. पाठीवर झोपणाऱ्यांना मध्यम पुरते, आणि पालथं झोपायची सवय असेल तर अगदी पातळ घ्या, नाहीतर मान रात्रभर मागे वाकलेली राहते. गादी खूप मऊ असेल तर खांदा आत रुततो, मग उशीची उंची थोडी कमी चालते. खात्री करायची असेल तर कुशीवर पडा आणि घरातल्या कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा, मान आणि पाठीचा कणा एका रेषेत दिसला पाहिजे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला उशी द्यायचीच नाही, कितीही नैसर्गिक असली तरी.

आता आतला माल. कापूस मऊ असतो, घाम शोषतो, डोकं तापत नाही, पण तो दबतो आणि त्याच्या गाठी होतात, हे धरूनच चालायचं. म्हणून नवीन कापसाची उशी हवी त्यापेक्षा थोडी जास्त भरलेली घ्या, थोड्या दिवसांत ती बसतेच. बसली तरी टाकून द्यायची नाही, कापूस पिंजून परत भरता येतो, आणि माझ्या मते कापसाचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

सावरीचा कापूस, ज्याला बाजारात कपोक म्हणतात, हा वेगळाच प्रकार. त्याचा तंतू आतून पोकळ असतो आणि वरून मेणासारखा थर असतो त्यामुळे तो एकदम हलका आणि पाणी न धरणारा, पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये हाच भरायचे. डोक्याखाली फार सुखद लागतो पण आधार कमी देतो, आणि तंतू इतका बारीक असतो की खोळ घट्ट विणीची नसेल तर शिवणीतून बाहेर यायला लागतो. पटकन पेटतो पण, त्यामुळे उशाशी मेणबत्ती किंवा उदबत्ती नको.

ज्यांना रात्री खूप घाम येतो त्यांनी लोकर जरूर बघावी, कारण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. सुरुवातीला थोडा वास येतो, हवेवर ठेवली की जातो. लोकरीचे छोटे गोळे भरलेली उशी मिळाली तर ती घ्या, सरळ थर भरलेली लवकर चपटी होते.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक फेसाळून केलेला फोम. डनलॉप पद्धतीचा जास्त घट्ट आणि जड असतो, तालाले पद्धतीचा हलका आणि जास्त उसळणारा. कुशीवर झोपणाऱ्यांनी कापसाच्या मागे न लागता हा घ्यावा असं मला वाटतं, कारण उंची वर्षानुवर्षं टिकते. पण लेटेक्सची ॲलर्जी असेल तर विषयच सोडा, आणि नुसतं "नॅचरल लेटेक्स" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्यात सिंथेटिक रबर मिसळलेलं असू शकतं, टक्के किती ते विचारा.

कुट्टूच्या (बकव्हीट) दाण्यांच्या टरफलांची उशीपण असते, जपानमध्ये ही जुनी आहे. मान जशी ठेवाल तसा आकार धरते आणि टरफलांमधून हवा खेळती राहते, पण जड असते आणि कूस बदलली की करकर आवाज येतो, झोप सावध असेल तर नको. पिसांची उशी हलकी आणि मऊ असते, फक्त पिसं जिवंत पक्ष्यांची उपटलेली नाहीत ना हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता सगळ्यात जास्त फसवणूक कुठे होते तर "बांबू उशी". बरेचदा आत पॉलियुरेथेन नावाच्या कृत्रिम फोमचे तुकडे असतात आणि बांबू फक्त खोळीत, तोही रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस. मेमरी फोमपण पॉलियुरेथेनच, त्यावर हिरवं पान छापलं म्हणून तो नैसर्गिक होत नाही. लेबलवर "भरण" आणि "खोळ" दोन्ही वेगवेगळं वाचा. प्रमाणपत्रंही बघा, जीओटीएस (GOTS) हे सेंद्रिय कापूस, लोकर वगैरेसाठी, जीओएलएस (GOLS) सेंद्रिय लेटेक्ससाठी, आणि ओएको-टेक्स स्टँडर्ड 100 म्हणजे फक्त घातक रसायनांची तपासणी झालीये, माल सेंद्रिय आहे असा त्याचा अर्थ नाही. लेबलवरचा नंबर त्या त्या संस्थेच्या वेबसाइटवर टाकून बघा.

म्हणून उशी शक्यतो चेनवालीच घ्या. चेन उघडली की आतलं डोळ्याला दिसतं आणि जास्त वाटलं तर मूठभर काढून उंची हवी तशी करता येते. शंका असेल तर दोनचार तंतू चिमट्यात धरून वॉशबेसिनवर जाळून बघा, पाणी जवळ ठेवून. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो.

घेतल्यावर वर एक धुता येईल असा अभ्रा घालाच, आणि धुळीची ॲलर्जी असेल तर तो 60 अंशांच्या पाण्यात धुवा, धुळीतले माइट्स म्हणजे डोळ्याला न दिसणारे किडे त्याने मरतात. कापसाच्या उशीला मधूनमधून कडक ऊन द्या. लेटेक्सला ऊन अजिबात दाखवू नका, तो कडक होऊन भुगा पडायला लागतो, सावलीत हवेवर ठेवा. टरफलं भिजवायची नाहीत, खोळीतून काढून पसरायची, उन्हात सुकवायची आणि खालचा चुरा चाळून परत भरायची.